मामाजी नावाचा गहू

आमच्या घरी गव्हाचं नाव घ्यायची सोय नव्हती. म्हणजे आम्हा पोरांना होती, बाबांना होती, काकाला होती. नव्हती ती मायला. कारण गव्हाचं नाव बन्सी, आणि माझ्या आजोबांचं, म्हणजे आबाजींचं, नावही बन्सी. सासऱ्याचं नाव सुनेनं तोंडातून काढायचं नाही, ही रीत. आबाजी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले तेव्हा त्यांनी घरातले देव टोपलीत भरून वर्धा नदीत सोडले, गळ्यातले गंडे तोडले, उपासतापास बंद केले. पण ही एवढी रीत कुठल्या कोपऱ्यात दडून बसली होती कोण जाणे, ती वाचली. माय सावलीकडच्या धानाच्या मुलखातली. लग्न होऊन ती वरोऱ्याजवळच्या आमच्या काळ्या रानात आली, आणि पहिल्याच आठवड्यात तिच्यापुढे हा पेच पडला. सासूनं विचारलं, सुपात काय आहे? ज्वारी असती तर सांगून मोकळी झाली असती. माय सूप पाखडतच राहिली. सासूनं पुन्हा विचारलं तेव्हा खाली मान घालून म्हणाली, "मामाजी." आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. आजी इतकी हसली म्हणे की तिला ठसका लागला आणि पाणी पाजावं लागलं. तेव्हापासून आमच्या घरात मामाजी दोन झाले. एक ओसरीवर बिडी ओढत बसणारे आणि दुसरे कणगीतले.

परक्या माणसानं आमच्या स्वयंपाकघरातलं बोलणं ऐकलं असतं तर तो पोलिसात गेला असता. "मामाजीले पाखडून ठेवलं वं." "मामाजीत औंदा खडे लय निंगाले." "जातं रिकामं हाय, मामाजीले दळून घेतो." जात्याची घरघर सुरू झाली की ओसरीवरून आबाजी ओरडायचे, "बारीक दळ बापा, नाईतं शेवया तुटतीन!" आणि माय पदर तोंडात धरून हसायची. सासऱ्यासुनेत एवढीच थट्टा चालायची, पण ती वर्षानुवर्षं चालली आणि कोणालाही शिळी वाटली नाही. उन्हाळ्यात अंगणात पाट तिरपा टेकवून बायका शेवया वळायला बसत. त्या गव्हाच्या कणकेला असा ताण होता की एक शेवई पाटावरून जमिनीपर्यंत यायची आणि तुटायची नाही. गोवरीच्या आरावर भाजलेले पानगे फोडले की आतून पिवळे निघत. आता मी चंद्रपुरात राहते, गिरणीतून पीठ येतं, पोळ्या मऊ लुसलुशीत होतात आणि दुपारपर्यंत त्यांना कसलीही चव उरत नाही. असं मी म्हटलं की माझी सून म्हणते, "आई, तुमची जीभ म्हातारी झाली." असेलही.

आबाजींचं नाव गव्हावरून पडलं होतं. त्यांची आई मालगुजाराच्या शेतात गहू सोंगायला, म्हणजे कापायला, जायची आणि तिथेच, उभ्या बन्सीत, ती बाळंत झाली. पुढे आबाजी त्याच मालगुजाराकडे सालदार राहिले. वीस-बावीस वर्षं त्यांनी बन्सी पेरला, राखला, मळला, आणि त्यातला एक दाणाही त्यांचा नव्हता. त्यांच्या आईचा मात्र होता. सोंगणी झाल्यावर शेतात पडून राहिलेल्या ओंब्या, म्हणजे सरवा, वेचायची गरिबांना मुभा असे. ती म्हातारी इतर बायकांसारखी दिसेल ती ओंबी उचलायची नाही. काळ्या कुसाची, म्हणजे काळ्या ताठ केसांची, पांढऱ्या अंगाची, भरल्या दाण्याची ओंबी वेगळी बांधायची. लोक हसायचे, शेत नाही आणि बियाणं निवडते. ती म्हणायची, शेत येईन. शेत आलं ते ती गेल्यावर. पण तिच्या मडक्यातलं बियाणं तोवर दरसाल कोणाच्या ना कोणाच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधाच्या कडेला, मूठभर टाकून जिवंत ठेवलेलं होतं. आमच्या शेतातली पहिली पेरणी त्याची.

तो गहू ज्यानं पाहिला नाही त्याला मी काय सांगू? दसऱ्यानंतर आभाळातून एक थेंब पडत नसे आणि त्याला कोणी पाणी देत नसे. विहीर नव्हतीच. काळ्या मातीच्या पोटात जी ओल राहिली असेल तिच्यामागे मुळं जात, आणि वरून थंडीतलं दव. एवढ्यावर तो बाबांच्या हनुवटीपर्यंत वाढायचा. आम्ही पोरं त्यात शिरलो की घरचे हाका मारून थकत. पिकला की पांढऱ्या ओंबीवर काळी कुसं अशी लखलखत की सकाळी धुऱ्यावर उभं राहिलं की बोलणं बंद व्हायचं. माय धानाच्या चिखलातून आलेली. पाण्यावाचून पीक येतं हेच तिला आधी खरं वाटेना. पहिल्या वर्षी ती रोज शेतात जाऊन माती उकरून पाहायची, हा पितो तरी काय? आबाजींनी मग तिलाच बियाण्याचं काम दिलं. पोरांना नाही, सुनेला. ओंबी कशी निवडायची, दाणा दाताखाली कसा धरायचा, कटकन आवाज आला तरच वाळला म्हणायचा, हे सगळं त्यांनी तिला शिकवलं. बियाण्याचं मडकं तिच्या ताब्यात आलं तेव्हा ती आमच्या घरची झाली, असं ती म्हणायची. लग्नात नाही.

मग गावात वीज आली, शेतात विहीर खोदली, तिच्यावर मोटर बसली आणि ब्लॉकच्या शेती कचेरीतून नवा गहू आला, लोक-वन. गुडघ्याच्या थोडा वर वाढायचा, खत खायचा, पाणी प्यायचा आणि पोत्यावर पोती द्यायचा. बन्सीला पाणी दिलं तर तो उंचीच्या गर्वानं आडवा पडे, आणि एखाद्या साली तांबेरा आला तर हाताला नुसती तांबडी धूळ लागे. बाबा आणि काकानं लोक-वन धरला. मी त्यांना नावं ठेवणार नाही. माझी वरोऱ्याच्या कॉलेजातली विज्ञान शाखा आणि होस्टेलचा डबा त्या बुटक्या गव्हानंच पुरवला. बन्सी सरकत सरकत नाल्याकडच्या एका पट्टीत गेला. गावातल्या इतरांच्या शेतातून तर तो केव्हाच गेला होता.

त्या पट्टीचं खळं चालू असताना एकदा नागपूरहून एक साहेब जीप घेऊन आला होता. माय एकटीच होती. जुनी बियाणी गोळा करतो म्हणाला, ओंजळभर गहू आणि चार ओंब्या मागितल्या, कागदाच्या पाकिटात भरल्या, काहीबाही विचारून लिहून घेतलं आणि गेला. संध्याकाळी जेवताना मायनं सांगितलं, "साहेबानं आज ओंजयभर मामाजी नेले." आबाजी म्हणाले, "बरं झालं, नागपूर पाहीन." आम्ही हसलो आणि विसरलो.

पुढं दोन वर्षांनी वैशाखात काकाचं लग्न झालं. बाबांकडची आजी तोवर गेली होती. लग्नाच्या शेवयांना बन्सीच पाहिजे, असा आबाजींचा हट्ट, म्हणून कणगी तळापर्यंत रिकामी झाली. उरलं ते बियाण्याचं एक मडकं, आतल्या खोलीत, शेणानं तोंड लिंपलेलं. नवी काकू वच्छला, मोहर्लीकडच्या जंगलातली. तिकडे धान, मोहफुलं, तेंदूपत्ता. गव्हाशी तिचा संबंध पोळीपुरता. हसतमुख, कामाला वाघ, आणि सांगितलेलं अक्षरशः करणारी. घरात रोजचा गहू तोवर लोक-वन होता आणि त्याला सगळे नुसतं गहू म्हणत. कणगीतले मामाजी संपले होते, त्यामुळे ते दुसरे मामाजी तिच्या कानावर आलेच नाहीत. हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. जे आपल्या रोजच्या बोलण्यातलं असतं, ते दुसऱ्याला सांगावं लागतं हे कुठं लक्षात येतं?

आषाढ संपता संपता सावलीहून निरोप आला की आजी, म्हणजे मायची आई, अंथरुणाला खिळली आहे. माय निघाली. पिशवी काखेत मारून तिनं दारात उभ्या उभ्या वच्छलाकाकूला सांगितलं. हे शब्द पुढे आमच्या घरात इतक्या वेळा उगाळले गेले की मला ते पाठ आहेत: "हे पाय वच्छला, बाकी काई झालं तरी चालते, पन मामाजीले सांभाय. उघाड पडली का दर आठ दिवसानं ऊन दाखवजो. सतरंजी टाकून चांगलं पसरून ठेवजो. आन आत ठेवताना खाली ताजा लिंबाचा पाला टाकजो. ओल लागू नोको देजो, बस." काकू म्हणाली, "हाव बाई, काई फिकर नोको करा." आणि तिनं काहीही कसूर केली नाही.

त्या पावसाळ्यात मी एकदाच घरी आले, नाल्याला पूर असायचा म्हणून. रविवार होता, उघाड पडली होती. अंगणात सतरंजी टाकलेली आणि तिच्यावर आबाजी पाय पसरून, टोपी डोळ्यांवर ओढून पडलेले. काकूनं त्यांना हाताला धरून आणलं होतं. ऊन सरकलं की ती सतरंजीसकट त्यांना सरकवायची. आत त्यांच्या खाटेवर गादीखाली कडुलिंबाचा हिरवा पाला पसरलेला. आबाजी मजेत होते. मला म्हणाले, "पोरी, अशी सून मले आधी काऊन नाई भेटली? सत्तर वर्सं झाले, मले कोनी वायवलं नवतं. ढेकनं बी गेले सारे पाल्यानं." मी पोट धरून हसले. काकू नव्या नवरीची हौस करते आहे, एवढंच मला वाटलं. माय काय सांगून गेली हे मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलं नाही. पानगे खाल्ले आणि सोमवारच्या बसनं परत गेले. आतल्या खोलीत मडकं तसंच होतं आणि त्या पावसाळ्यात त्या भिंतीला ओल आली होती.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते. आजी गेली होती आणि तेरवी आटोपून, उतरल्या चेहऱ्यानं माय परत आली होती. पेरणी तोंडावर. तिनं मडक्याचं शेण फोडलं आणि झाकण काढलं, तर आंबूस वास खोलीभर पसरला. हात घातला तर हाताला पीठ लागलं आणि मनगटावर सोंडे किडे चढले. वरून काळी बुरशी, खाली नुसतं फोलपट. माय तशीच हात मडक्यात ठेवून बसली. मग तिनं हाक मारली, "वच्छला, मामाजीले ऊन नाई दाखवलं काऊन वं?"

"दाखवलं ना बाई! दर आठ दिवसाले. त्याईलेच पुसा!"

ओसरीवरून आबाजी म्हणाले, "हाव, दाखवलं बिचारीनं. खोटं काऊन बोलू?"

मी काय झालं ते त्या क्षणी समजले. काकाही समजला, आणि त्याला हसू फुटलं. मोठ्यानं हसला तो, आणि मायचा चेहरा पाहून मधेच थांबला. काकूला अजून काहीच कळलं नव्हतं. मी तिला मडकं दाखवलं, समजावून सांगितलं. "मले काय मालूम बाई, मामाजी म्हंजे गहू व्हय म्हून," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. काकानं हसणं लपवायला आवाज चढवला आणि तिला माहेरी धाडायची भाषा सुरू केली. मायनं त्याला तिथेच गप्प केलं. "तिचं काई नाई चुकलं. म्या सांगतलं तसंच केलं तिनं. गहू गेला तो माह्या तोंडानं गेला." चांगले दिसणारे दाणे निवडून तिनं ओल्या फडक्यात बांधून ठेवले. चार दिवसांनी फडकं सोडलं. एकालाही मोड नव्हता.

आबाजी रागावले नाहीत, हेच वाईट झालं. ते फक्त एकदा म्हणाले, "माह्या मायनं वेचलेला होता." त्यानंतर त्यांनी शेतात जायचं सोडलं. बाबा आजूबाजूच्या गावांत फिरून कोणाकोणाकडून बन्सी म्हणून मूठमूठ गहू घेऊन आले. आबाजी दाणा दाताखाली धरायचे, जिभेवर फिरवायचे आणि तळहातावर थुंकायचे. "हा मी नाई," म्हणायचे. दुसरा घेऊन आले. "हा बी मी नाई." गंमत वाटावी असं ते बोलणं होतं, पण हसलं कोणी नाही. मायनं जेवण टाकल्यासारखंच केलं. तिला एका गोष्टीची खात्री झाली होती: हा म्हातारा बियाण्यावाचून हा हिवाळा काढणार नाही, आणि ते तिच्या माथी बसेल.

मला तो जीपवाला साहेब आठवला. कॉलेजातल्या सरांना विचारलं तर म्हणाले, नागपुरात बियाण्यांचं केंद्र आहे, तिथे जुनी वाणं जपून ठेवतात, बँकेत ठेवतात तशी. मी मायला घेऊन निघाले. ती नागपूरला पहिल्यांदाच येत होती. बसमध्ये तिनं एकदाच विचारलं, "ओंजयभर तं होता. त्याईनं खाल्ला नसन ना?"

ज्यांनी आम्हाला भेट दिली ते साहेब तेच होते हे पुढं कळलं, पिकलेल्या केसांचे, अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. तेव्हा मायलाही ते ओळखू आले नाहीत. मी म्हटलं, आमच्या घरचा बन्सी गेला, तुमच्याकडे असेल तर हवा. ते म्हणाले, "कुठला बन्सी देऊ?" आणि एक लांब लाकडी खण ओढला. त्यात पुठ्ठ्यावर ओंब्या शिवून ठेवल्या होत्या. खानदेशातला बन्सी, मराठवाड्यातला बन्सी, नर्मदेकाठचा, गुजरातेतला. लाल ओंबीचा, पांढऱ्या ओंबीचा, आखूड कुसाचा, केसाळ. खणाच्या तळापर्यंत बन्सीच बन्सी. मला वाटत होतं बन्सी म्हणजे आम्ही, एक गाव, एक शेत, एक म्हातारा. माय प्रत्येक ओंबीवर वाकून पाहत होती आणि मान हलवत होती. आमचा त्यात नव्हता.

साहेबांना आमची दया आली असावी, किंवा मायचं ते वाकून पाहणं त्यांना आवडलं असावं. ते आम्हाला सगळं दाखवत सुटले. पंजाब-सिंधकडचा एक गहू ज्वारीसारखा गोल दाण्याचा. हबसाणातला, म्हणजे इथिओपियातला एक, जांभळ्या रंगाचा. तो मी बोटानं घासून पाहिला, रंग निघाला नाही. इराणच्या डोंगरातला, तुर्कस्तानातला. मग भुसा न सोडणारी आपली खपली दाखवून ते म्हणाले, "ही खपली म्हणजे बन्सीचा बाप." माय झटकन डोक्यावर पदर घेऊन बाजूला झाली, सासऱ्याचा बाप म्हणजे केवढं नातं! साहेबांना काही कळलं नाही. शेवटी त्यांनी काचेच्या बरणीतून एक लहानखुरं रानगवत काढलं. त्याच्या ओंबीला बोट लावताच ती तुकडे तुकडे होऊन गळाली. म्हणाले, गव्हाचं मूळ हेच. पार पश्चिमेकडच्या डोंगरांत, लाखो वर्षांमागे, दोन गवतांचा संकर होऊन हे झालं. पिकलं की आपोआप झडायचं, माणसाच्या हाती लागायचं नाही. कधीतरी कोणा वेचणाऱ्याला न झडलेली ओंबी सापडली, तिनं ती ठेवली आणि पेरली. त्या न झडणाऱ्या ओंबीपासून हे सगळे. "तिनं म्हणतो, कारण वेचायला बायकाच जात असणार."

मायनं गळालेले तुकडे वेचून तळहातावर घेतले. म्हणाली, "म्हंजे सरवाच वेचत होत्या त्या."

मी पुढं तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. हा धडा आला की फळ्यावर गवतांची आणि गुणसूत्रांची आकृती काढायचे, मुलं ती वहीत उतरवायची. मायनं जे एका वाक्यात ओळखलं ते मला कधी फळ्यावर मांडता आलं नाही. 

निघताना साहेबांनी गावाचं नाव विचारलं. मी सांगितलं. ते थबकले, एक जाड वही काढून पानं उलटली आणि म्हणाले, "थांबा. तुमच्या गावचा एक नमुना आहे आमच्याकडे. पण तो बन्सी नाही. दोन वर्षं मी सगळ्यांना विचारतो आहे, हे वाण कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. कोणाला माहीतच नाही." त्यांनी बोट ठेवून वाचलं, "स्थानिक नाव: मामाजी."

मी मायकडे पाहिलं. तिनं अख्खा पदर तोंडात कोंबला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला हसू आवरेना. सगळं सांगून झालं तेव्हा साहेबही खुर्चीत बसून डोळे पुसत होते. मग त्यांनी आम्हाला एका जाड दाराच्या खोलीकडे नेलं. आतून गार हवा आली आणि यंत्राची बारीक घुमघुम. मायनं चपला बाहेर काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं. लोखंडी मांडण्यांवर छतापर्यंत पाकिटं होती, एकेका पाकिटात एकेका गावचं शेत. माय कुजबुजली, "मेले नाई ना हे?" साहेबही हळूच बोलले, "नाही बाई. श्वास चालू आहे, अगदी मंद." ती मग पाळण्याजवळ उभं राहावं तशी उभी राहिली. पाकीट उघडून साहेबांनी चाळीसेक दाणे मोजून दिले. जास्त देता येत नाहीत, म्हणाले, मूळ इथे राहिलं पाहिजे. मी म्हटलं, वहीत नाव दुरुस्त करा, बन्सी लिहा. ते म्हणाले, "बन्सी लिहिलं तर पुन्हा त्या गर्दीत हरवेल. राहू द्या मामाजी."

घरी आल्यावर मायनं पाकीट आबाजींच्या हातात दिलं. त्यांनी एक दाणा चिमटीत धरून उजेडात फिरवला, पोटाची चीर अंगठ्यानं चाचपली. बाबा म्हणाले, दाताखाली धरून पाहा. आबाजी म्हणाले, "नोको. एक कमी होईन." ते दाणा पाकिटात परत ठेवत असताना काकूनं खाली ओंजळ धरली. मग त्यांनी दोन्ही सुनांना समोर बसवलं. "आइका. आजपासून याचं नाव घ्याचं. नाव घेतल्यानं मी मरत नाई. नाई घेतलं तं गहू मरते, हे पाह्यलं आपन. म्हना." काकू शाळेत हजेरी दिल्यासारखी ताठ बसून म्हणाली, "बन्सी." मायचे ओठ हलले. आवाज आला नाही. "उद्या म्हनीन," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच. वीस वर्षं जो शब्द गिळला तो सांगितल्याबरोबर कुठे वर येतो?

विहिरीजवळ खाटेएवढ्या जागेत मायनं एकेक दाणा बोटानं टोचला. काकूनं भोवती काट्या लावल्या आणि चिमण्यांवर, शेळ्यांवर पहारा धरला. तिचा खराटा पाहून कोंबड्याही लांबून जात. आबाजी पुन्हा शेतात यायला लागले, काठी टेकत, आणि मोटर सुरू केली की ओरडायचे, "त्याले पानी नोको, त्याले सवय नाई." थोडे सोडता सगळे दाणे उगवले. मी सुट्टी असेल तेव्हा येऊन पाहायचे. पाती निळसर, रुंद, बाजूच्या लोक-वनपेक्षा वेगळी. पौषात गहू पोटरीला आला, म्हणजे ओंबी पातीच्या पोटात फुगली, तेव्हा माय रात्रंदिवस तिथेच असायची म्हणा ना. गहू निसवून, म्हणजे ओंबी बाहेर पडून, कूस काळं निघतं की नाही, हे कळेपर्यंत कोणाचाच जीव ताळ्यावर नव्हता. तोवर नुसता साहेबांच्या वहीवर विश्वास.

मी होते त्या सकाळी. धुकं होतं, पातीपातीवर दव. आबाजी धुऱ्यावर काटक्या पेटवून शेकत पाठमोरे बसले होते. काकू विहिरीवर पाणी शेंदत होती. माय काट्यांच्या आत उकिडवी बसून एकेका ताटाची पाती सारून पाहत होती आणि एकदम थांबली. तिनं हात लावला नाही. एका पोटरीच्या फटीतून काळीभोर कुसं बाहेर आली होती, ओली, एकमेकांना चिकटलेली. ती उभी राहिली आणि अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "अवं वच्छला, धाव वं! बन्सी निसवला! बन्सी निसवला!"

धुऱ्यावरून आबाजींनी, मागे न वळता, ओ दिली.